आक्कांनी बांधलेली गाठ

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वैशूच्या पायांना तेल चोळत होते. वैशू माझी लेक, पहिलटकरीण, बाळंतपणाला ढोकीला माहेरी आलेली. तेर गावाहून थोरले भाऊजी, आक्कांचे यजमान, बोलत होते, "तुमची आक्का झोपेतच गेली बघा..." पोटुशीनं मयताला जायचं नसतं, म्हणून वैशूला शेजारणीपाशी ठेवून निघाले. ती दारात डोळे पुसत म्हणाली, "आई, आता माझं बाळंतपण कोण करणार?" मला तरी कुठं ठाऊक होतं!

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. स्वतःची कूस रिकामी, पण भावकीतल्या कितीतरी बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेल्या. माझी आई मी लहान असतानाच वारली, त्यामुळं वैशूच्या वेळी माझं माहेर म्हणजे आक्काच. दिवस भरत आले तशी शेजारची एक मावशी तांब्याभर काढा घेऊन आली. पोर सुखानं मोकळी होईल म्हणाली. आक्कांनी तांब्या हातातून घेतला, तिच्यादेखत मोरीत ओतला आणि घासून परत दिला. "डॉक्टरनं सांगितल्याबिगर पोटुशीच्या पोटात झाडपाला जायचा न्हाय." मावशी जी रुसली ती पार बारशापर्यंत. मलाही राग आला होता. ज्या बाईच्या फडताळात ओवा, सुंठ, शतावरी अशा पुड्याच पुड्या, तिनंच असं करावं?

दवाखान्यात वैशू झाली, पण मला दूध येईना. लेकरू रडून रडून लालबुंद, छाती दगडासारखी आणि मी त्याहून जास्त रडतेय. "आक्का, द्या ना काहीतरी," म्हटलं, तर त्या मला घेऊन आधी नर्सबाईंकडं गेल्या. "हिला लेकरू छातीला कसं लावायचं ते शिकवा, मग माझं हळीव हायेच." घरी आल्यावर गूळखोबरं घालून हळिवाची खीर केली, जेवणानंतर बाळंतशेपा आणि ओव्याचा विडा हातात ठेवला. मी खाईपर्यंत समोरून उठायच्या नाहीत. हळूहळू दूध आलं. "आक्का, तुमच्या हळिवानं आलं बरं का," मी म्हटलं. त्या हसल्या. "हळिवानं का लेकराच्या ओढीनं, मला काय ठाव? तू चार घास सुखानं खाल्लंस, झालं की."

त्याच बाळंतपणात एका दुपारी ताटात हळीव निवडता निवडता त्या आपली गोष्ट बोलल्या. त्यांच्या पहिल्या खेपेला कळा मंद होत्या. घरातल्या बायांनी कसल्याशा मुळीचा काढा पाजला. "मग कळा अशा सुटल्या, थांबल्याच न्हाईत. लेकरू आलं सुमे... पण रडलंच न्हाय. काढ्यानं झालं का नशिबानं, कोण सांगावं. समद्यांनी मायेनंच दिला व्हता गं. मायेनंच." परत कूस उजवलीच नाही. मी त्यांचा हात धरला. हळीव तसंच ताटात राहिलं. कुणाला दोष न देता एवढं दुःख या बाईनं कुठं ठेवलं असेल, असं मला आजही वाटतं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. एसटीनं एकट्या आल्या, काखेत डबा, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गच्च बांधलेला. "वैशूच्या बाळंतपणाचं हाय. बाळंत झाल्याबिगर गाठ सोडायची न्हाय."

"मग तुम्हीच या की सोडायला."

"येते की... न्हाय आले तर तुझे हात हाईत."

डबा चुलीवरच्या फळीवर आहे. परवा वैशूच्या पोटात गॅस धरला होता. मी भाकरी थापत होते, तिनं फळीकडं हात नेला. "मोठ्या आईच्या डब्यात ओवा असेल ना गं? चिमूटभर घेऊ?"

पिठाच्या हातानंच उठले मी. "बाळंत झाल्याबिगर गाठ सोडायची न्हाय. आधी डॉक्टरला इचार."

वैशू बघतच राहिली. मीही. असं तर मी बोलत नाही... मग तिनं डबा होता तसा सरकवून ठेवला, पदराला माझे पिठाचे हात पुसले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. "माझं बाळंतपण कोण करणार?" असं तिनं त्यानंतर विचारलं नाही.