आग आणि अगं

माझी बदली म्यूल ट्रुपमध्ये, म्हणजे खेचरांच्या तुकडीत, झाली तेव्हा महायुद्धाचे चौथे वर्ष चालू होते. आमची संस्थानी पलटण अर्धी आघाडीवर गेली होती. मागे राहिलेल्यांचे काम एकच, नवीन खेचरांना ओझ्याची सवय लावायची आणि पुढे पाठवायची. आमची लाईन, म्हणजे तबेले आणि बराकी, लष्कर शहराबाहेर मुरारच्या वाटेवर होती. साठ खेचरे, बावीस माणसे, पहाऱ्याची एक चौकी म्हणजे क्वार्टर गार्ड, आणि तिथून अर्ध्या मैलावर गवतगोदाम. कुठेही उभे राहिले तरी शहरावरचा किल्ला दिसे.

शिपाई म्हणजे बंदूक, असे शहरातल्या लोकांना वाटते. मी तीन वर्षांत जितक्या वेळा बंदूक उचलली त्याच्या शंभरपट खरारा उचलला. साडेपाचला बिगुल. पावणेसहाला रोल कॉल. सहाला मालिश. सातला पाणी. त्या वासाची, त्या खुरांच्या आवाजाची मला आज आठवण येते. तेव्हा मी त्याला शिव्या देत होतो.

माझ्या ट्रंकेत वर्दीखाली छापील पत्रके असत. इंदरगंजातल्या छापखान्यातला एक ओळखीचा कंपॉझिटर देई. सापडली असती तर कोठडी होती. देश सुटावा, संस्थानातही लोकांचे राज्य यावे आणि बाईला माणसात मोजावे, ही तीन मते मी त्या पत्रकांतून घेतली. आजही तीच आहेत.

कुत्री हवालदार गणपतराव मोहित्यांनी आणली. मोहिते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. दक्षिणेतून आलेल्या शिपाई घराण्यातले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. नई सडकेवर एका दाण्याच्या दुकानाच्या फळीखाली ती त्यांना सापडली. करडी, हाडकुळी, एक कान फाटलेला. खोगिराच्या थैलीत घालून आणली.

आमच्या कॅप्टनसाहेबांनी तिला बुटाच्या टोकाने उलटी केली.

"मादी है? बेकार. चोर इससे डरेगा?"

गवताच्या चोऱ्या होत होत्या, हे खरे होते. दादा सावधान उभे राहिले.

"सर, डरेगा."

"दो महीने. चोर पकडा तो रखो. नहीं तो बाहर. और नाम कुछ कड़क रखना. चंपी-चमेली मुझे रजिस्टर में नहीं चाहिए."

त्या दुपारी गार्डरूमच्या व्हरांड्यात नाव ठरवायला आम्ही तिघे बसलो. दादा, मी आणि शिपाई रामदीन. रामदीन भिंडकडचा. आम्हा मराठ्यांच्या संगतीत त्याला मराठी सगळी कळे, पण बोले हिंदीच.

"शेरू रख दो," तो म्हणाला. "बात खतम."

"ती मादी आहे," मी म्हणालो.

"तो चोर क्या नीचे झुककर देखेगा?"

दादा हसले. मी नाही हसलो. मी उभा राहिलो, आणि बहुतेक भाषणच केले. तलवार ती. तोफ ती. बंदूक ती, गोळी ती, संगीन ती. आपण ज्या पलटणीत आहोत ती पलटणसुद्धा ती. फौजेत जे जे मारते ते सगळे आपण बाईच्या रूपात बोलतो, आणि कुत्रीला कडक नाव द्यायचे म्हटले की आपल्याला नर आठवतो.

"हे कुठल्या कागदात छापलंय रे?" दादांनी विचारले. त्यांना माझ्या ट्रंकेची माहिती होती.

"कुठल्याच नाही. माझंच आहे."

"बरं. मग तोफ ठेवू या? मी 'तोफ, तोफ' ओरडलो की सगळी लाईन जमिनीवर आडवी."

"संगीन?"

"हाक मारता मारता दात पडतील माझे."

रामदीनने तलवारही खोडली. त्याच्या गावच्या सावकाराची घोडी त्या नावाची होती आणि ती लंगडी होती. मग मला आदल्या आठवड्यातल्या पत्रकाची शेवटची ओळ आठवली. तिचा शेवटचा शब्द मोठ्या टाइपात होता.

"आग," मी म्हणालो.

रामदीनने मान डोलावली. "वाह. छोटा है. मुँह से निकले तो लगे कि कुछ निकला."

दादा मिशीत हसत राहिले.

"काय झालं, दादा?"

"काही नाही. आमच्या घरी एक आहेच."

मला तेव्हा कळले नाही. आठ दिवसांनी कळले. दादांचे घर लाईनमागच्या फॅमिली क्वार्टरात होते. मी रविवारी जेवायला गेलो होतो. दादांनी आत हाक मारली, "अगं, पाणी आण." वहिनी तांब्या घेऊन दारात आल्या आणि त्यांच्या पायांतून कुत्रीही आली. दोघी दारात अडकल्या. वहिनींनी तांब्या सावरला.

"हिला कोणी बोलावलं?"

"मी नाही. मी तुला बोलावलं."

"मग हिचं नाव असं कुणी ठेवलं?"

दादांनी माझ्याकडे बोट दाखवले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बाईला मान द्यायची तुमची रीत नवीच आहे हं. माझी हाक कुत्रीला वाटलीत."

सगळे हसले. मीही. त्या काळी नवऱ्याने बायकोचे नाव घ्यायची पद्धत नव्हती. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती आणि दादांच्या तोंडी 'अगं' शिवाय दुसरी हाक नव्हती. पुढे ही लाईनमधली कायमची थट्टा झाली. फॅमिली क्वार्टरात कुठलाही मराठी नवरा बायकोला हाक मारू लागला की आमची आग त्याच्या दारात हजर. तिच्या पोटाला कधी काही कमी पडले नाही.

सहाव्या आठवड्यात तिने भरदुपारी एका गवतचोराचे धोतर धरले आणि गार्ड येईपर्यंत सोडले नाही. कॅप्टनसाहेबांनी रजिस्टर मागवले आणि स्वतः लिहिले, आग, वॉचडॉग. मी ते पान दोनदा वाचले. एखादा कायदा पास करून घेतल्यासारखे मला वाटले.

गवतगोदाम दादांच्या ताब्यात होते. गोदाम आणि क्वार्टर गार्ड यांच्यात फील्ड टेलिफोन होता. आग सकाळी गार्डच्या सावलीत पडून राही. दादांची भाकरी घरून बारा वाजता गोदामावर येई आणि ते फोन करत. रोज. एकच बोलणे.

"मोहिते. आग आहे का तिथं?"

"आहे."

"पाठव."

मी तिला 'जा' म्हणत असे आणि ती अर्धा मैल पळत जाई. दादा चतकोर भाकरी तिला देत. असे वर्षभर चालले.

मे महिन्यातला दिवस. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, सकाळी नऊपासून वाहत होती. गार्ड कमांडर मी होतो. रामदीन पहाऱ्यावर. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. वाऱ्याने तार खरखरत होती.

"मोहिते. आग… आग…"

पुढचे शब्द खरखरीत गेले.

"आहे, दादा. इथंच पडलीय. पाठवतो."

मी रिसीव्हर ठेवला. रामदीन म्हणाला, "महारानी का बुलावा आ गया?" आम्ही हसलो. कुत्री झोपली होती. मी तिला पायाने हलवले. ती उठली, आळस दिला, पाणी प्याली. फोन पुन्हा वाजला. मी उचलला तेव्हा फक्त खरखर होती.

मग वारा फिरला. कुत्रीने नाक वर केले. ती एकदा केविलवाणी कण्हली आणि सुटली. ती धावली त्या दिशेला मी पाहिले तेव्हा गोदामावर धूर दिसला. गार्डच्या घड्याळात बारा वाजून चौदा मिनिटे झाली होती.

"बिगुल!" मी ओरडलो. "फायर अलार्म!"

आम्ही धावलो. गोदामाला लागून आजारी खेचरांचा शेड होता. त्या दिवशी त्यात सहा होती. वाटेत आम्हाला पाच भेटली, दाव्याचे कापलेले तुकडे गळ्यात लोंबत असलेली. भिंतीवर बारा लाल बादल्या होत्या. तीनच भरलेल्या होत्या. बादल्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी भरत, हे सगळ्यांना माहीत होते, मलाही. शेडचे छप्पर आमच्या डोळ्यांसमोर खाली आले. आमची आग दाराशी होती. अंगावरचे केस जळलेले, फाटका कान अर्धा गेलेला. रामदीनने तिला मानेला धरून मागे ओढली.

दादांना आम्ही पावणेतीनला बाहेर काढले. सहावे खेचर त्यांच्या शेजारी होते. दादांच्या हातात सुरी होती.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली.

"फोन पर क्या बोला उसने?"

"सर, आग."

"तुमने क्या कहा?"

"सर, मैंने कहा, भेजता हूँ."

कॅप्टनसाहेबांनी टाक दौतीत बुडवला. मग लिहिले की संदेशात दिरंगाई झाली. मी म्हणालो, "सर, बाल्टियाँ भी लिखिए." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तेही लिहिले. पण बादल्यांमुळे माझी चार मिनिटे कमी होत नाहीत. आगीचे कारण निश्चित झाले नाही.

शेवटी हुकूम झाला. "नाम बदलो. आज ही. नहीं तो कुत्ती लाईन के बाहर."

वहिनी शहरात गोरखी भागात भावाकडे राहायला गेल्या होत्या. मी आगीला घेऊन गेलो. ती मलमाच्या पट्ट्यांत होती. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. फोन, माझे उत्तर, आमचे हसणे. काही गाळले नाही.

त्यांनी सूप खाली ठेवले.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, ते हिला बोलावतायत."

"हो."

"मी तिथं असते तर मला वाटलं असतं, मला बोलावतायत."

मी कुत्रीची सुटलेली पट्टी बांधली. मग म्हणालो, "नाव बदलायचा हुकूम झालाय. मलाही आता ते तोंडातून काढवत नाही. चूक माझी होती, वहिनी. दुसरं काही ठेवतो. साधं."

"नको."

"हुकूम आहे."

"लाईनीतला ना? मग तिला लाईनीत ठेवू नका. इथं राहू द्या." त्या कुत्रीकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. "सोळा वर्षं त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्या एका हाकेला आम्ही दोघी उठत होतो. ते गेले. आता हाकपण बदलता का?"

त्यांनी हात पुढे केला. "अगं, ये."

आग उठली, लंगडत गेली आणि त्यांच्या सुपाशी बसली.

मी परत येऊन रिपोर्ट दिला. नाव बदलले नाही, कुत्री लाईनबाहेर केली. कॅप्टनसाहेबांनी सही केली. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली.

पलटणीच्या फाटकावर आता दगडी पाटी बसवली आहे. आघाडीवर पडलेल्यांची नावे तिच्यावर आहेत, आणि ती असायलाच हवीत. दादांचे नाव नाही, कारण ते घराजवळ मेले, खेचरांसाठी मेले. मी दोनदा अर्ज केला. दोन्ही परत आले. तिसरा लिहितो आहे. तोपर्यंत इथे लिहून ठेवतो. हवालदार गणपतराव मोहिते, म्यूल ट्रुप. पाच खेचरे सोडवली, सहाव्यासाठी परत आत गेले. शेवटची हाक त्यांनी मला मारली होती. मी ती ओळखली नाही.