फराळाला पथ्य नसतं

आमच्या वडिलांइतकं शब्दन्‌शब्द धरून पथ्य पाळणारा रुग्ण अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्या पथ्याचं इतकं वाटोळं करणाराही. दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी जमतात, कारण त्यांची सगळी नोकरी लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत गेली. साहेबाचा हुकूम आला की तो कुठं लागू होत नाही हे आधी बघायचं, अशी त्यांची तिथं ख्याती होती. नोकरी संपली, सवय राहिली. मूत्रपिंडं मात्र थकली. जेवण सांभाळलं तर डायलिसिस लांबवता येईल, नाहीतर जन्मभर सोलापूरच्या खेपा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मीठ, पाणी, डाळी, केळी, बटाटे, शेंगदाणे असं एकेक बंधन सावकाश समजावलं. वडील मान डोलवत ऐकत होते. मला समाधान वाटलं. हुकूम ऐकताना ते अशीच मान डोलवायचे, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात ते ताटात पिठलं घेऊन बसले. "दादा, डाळ कमी करायचीय," मी म्हणालो. "डाळ म्हणल्या बाई. पीठ कुठं म्हणल्या?" लोणच्याची फोड दिसली तेव्हा उत्तर तयार होतं. "मीठ वरून घ्यायचं न्हाय, अशे शब्द हायेत त्यांचे. लोणच्यात ते आतून असतंय." पाणी मोजून प्यायचं होतं. ते त्यांनी इमानदारीनं मोजलं आणि चहा मोजला नाही. चहा म्हणजेही पाणीच, असं मी सांगितल्यावर ते कीव आल्यासारखे माझ्याकडं बघत राहिले. "पाहुणा आला की आपण चहापाणी म्हणतोत. एकच जिन्नस असता तर दोन नावं कशाला घेतली असती रं?" अशा प्रत्येक मुद्द्यावर मी सोलापूरला फोन करायचो. पुढं पुढं माझा आवाज ऐकताच बाई विचारायच्या, "आज काय शोधलं त्यांनी?"

मग एका मंगळवारी वडिलांनी उपास धरला. आमच्या घरात ही बातमी होती. नवरात्रात सगळं घर उपाशी असताना ओसरीवर बसून ठेचा-भाकरी खाणारा हा माणूस. तुळजापूरला गेलो तरी "तुमी जाऊन या, म्या चपला बघतो," म्हणून बाहेर थांबणारा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं शुक्रवारही सुरू झाला. मी दिवसभर कामावर असायचो. आठवड्यातले दोन दिवस भांडण टळलं, एवढंच मला दिसत होतं. शिवाय उपास म्हणजे पोटाला विश्रांती, तेव्हा मूत्रपिंडांनाही असेल, असा माझा हिशेब होता. तो कुणाला विचारावा असं मला वाटलं नाही.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम इतकं वाढलेलं निघालं की डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलंच नाही. हृदय कधीही दगा देईल, म्हणाले. सलाईन लागलं. आहारतज्ज्ञ बाई खाटेजवळ आल्या आणि मागच्या आठवड्याचं खाणं विचारू लागल्या. विचारत विचारत मंगळवारापर्यंत आल्या.

"मंगळवारी काईच न्हाय. उपास होता," वडील अभिमानानं म्हणाले.

"आणि फराळाला?"

"साबुदाण्याची खिचडी, चांगलं दाण्याचं कूट घालून. रताळ्याचा कीस. बटाट्याची भाजी. दोन केळी. खजूर."

बाईंनी यादी लिहून घेतली. मला राहवलं नाही. "दादा, यातलं जवळजवळ सगळं बंद आहे तुम्हाला!"

"जेवणात बंद हाय," सलाईनचा हात न हलवता ते म्हणाले. "पथ्य जेवणाला असतंय. उपासाला माणूस जेवत न्हाय, फराळ करतंय. इचार तुझ्या आईला."

आई भिंतीकडं बघत होती. ते सगळं तिनंच रांधलं होतं, वर तूप सोडून. "मला वाटलं, देवीनं बुद्धी दिली," एवढंच ती म्हणाली.

या वेळी औषधांवर निभावलं. पुन्हा असं झालं तर थेट डायलिसिस, असं बजावून डॉक्टरांनी सोडलं. परतताना गाडीत तुळजापूर मागं पडल्यावर वडील म्हणाले, "त्या डायलिसिसच्या हुकमात सवलत नसती का रं काई?"

"नाही, दादा."

त्यांनी मान डोलवली. ती नेहमीची नव्हती.

त्यानंतर ते खरोखर पथ्य पाळू लागले. उपास बंद झाले, चहा मोजला जाऊ लागला, लोणच्याची बरणी कुणी न सांगता माळ्यावर गेली. आळणी आमटीचं पाणी पुढं आलं की निमूट भुरकायचे. "चव नाही ना?" विचारलं तर, "असू दे." मला हवं होतं ते घडत होतं, आणि ते 'असू दे' मला ऐकवत नव्हतं. शेवटी मीच सोलापूरला फोन लावला आणि विचारलं, बटाट्याला काही पळवाट आहे का?

"आता तुम्हीपण?" बाई हसल्या. मग ताजा रिपोर्ट मागवून घेतला, बघितला आणि सांगितलं. साल काढून बारीक फोडी करायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी फेकून द्यायचं, मग फोडणी. आठवड्यातून एकदा, अर्धी वाटी.

मंगळवारी आईनं तशी भाजी केली. वडील ताटाकडं बघत राहिले.

"बटाटा हाय ह्यो."

"व्हय," आई म्हणाली.

"बसतंय का नियमात?"

"बसवलंय," मी म्हणालो.

त्यांनी एक फोड तोंडात घातली, सावकाश चावली. "चव सगळी पाण्यात गेली की रं," म्हणाले. भाजी मात्र संपवली. मग रिकामी वाटी उचलून उजेडात फिरवून बघितली.

"अर्धी वाटी म्हणल्या बाई. वाटी कुठली, ते सांगितलं का?"

मी चिडलो. बऱ्याच दिवसांनी चिडायला मिळालं होतं.