आबांचं इंग्रजी गाणं

माझे वडील धुळ्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. घरात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांचं नाव झालं ते एका इंग्रजी रॉक गाण्यानं. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात त्यांनी ते ऐकलं. इंग्रजीचा गंध नव्हता, पण चाल उचलली आणि नवरदेवाला मांडवात आणताना वाजवायला सुरुवात केली. मग चाळीसगावकडचे लोक बँड ठरवतानाच विचारू लागले, "ते इंग्रजी वाजाडशात ना?" पहूरचा एक नवरदेव तर ते सुरू होईपर्यंत मांडवाकडे हलेना. भटजी घड्याळ बघून बघून थकले.

माझ्या लग्नात तर कहर झाला. मुलीच्या बापानं मांडवात उभं राहून पाहुण्यांना फेटे बांधायचे, तर हे ट्रम्पेट घेऊन जावयाच्या घोड्यापुढे. बायका कुजबुजल्या. मी मात्र शालूत ताठ बसून होते. असा बाप त्यांच्यापैकी कुणाला होता?

आता माझ्या मुलीचं लग्न ठरलं, एरंडोलला. आबांनी बँड सोडून वर्षं लोटली, दम पुरत नाही. तरी नातीला शब्द दिला होता, म्हणून आमच्या जळगावच्या घरी दुपारी सराव चालायचा. एका दुपारी लेकीनं कौतुकानं ते गाणं मोबाइलवर शोधलं, शब्द वाचले आणि तिचा चेहरा पडला. आबांनी विचारलं म्हणून तिनं अर्थ सांगितला. गाणारा आपल्या प्रेयसीला सांगतोय, माझी वाट बघू नकोस. मी थांबणारा माणूस नाही. तुझ्या दाराशी आलो होतो, पण तिथूनच परत फिरलो.

माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. जन्मभर नवरदेवांना आणलं, ते या गाण्यावर. आबांनी ट्रम्पेट पुसलं आणि पेटीत ठेवलं.

ती पेटी आठवडाभर उघडली नाही. लेक हिरमुसली. "आबा वाजवणार नसतील तर मला बँडच नको," म्हणाली. मला नवऱ्याचा राग आला होता आणि ते गाणाऱ्या गोऱ्याचाही. घरातलं कुणी त्या गाण्याचं नाव काढेना.

मग एका सकाळी चहा पिता पिता आबाच नातीला म्हणाले, "पुरं सांग मले. तो परत गया, मंग?"

"मग काही नाही आबा. गाणं संपतं."

आबांनी बशीतला चहा संपवला.

"त्यानं त्याचं लिखं. मी या गानावर इतला नवरदेव मांडवमा आनात. एक तरी मांडव सोडी पयी गया का?" आणि माझ्या नवऱ्याकडे बघून, "तुम्ही सांगा, जावई. गयात का?"

नवऱ्यानं मान खाली घालून नाही म्हटलं. लेक उठून पेटी घेऊन आली.

एरंडोलला आबा घोड्यापुढे चालले. मधे दोनदा दम लागला, तेव्हा बँडच्या पोरांनी चाल धरून ठेवली. माझा ऊर असा भरून आला की ओवाळायचं ताट हातात जड झालं. नवरदेवाला त्या गाण्याचे सगळे शब्द पाठ होते, हे लेकीनं मला नंतर सांगितलं. तो घोड्यावर ते मोठ्यानं म्हणत होता आणि सरळ आमच्या मांडवाकडे येत होता.