ओट्याचं माप

हे मी आजलोक कोणाले सांगतलं नाई. घरच्या माणसाले नाई, माहेरी नाई. आता तुमच्यापाशी बोलून राह्यली — सुरुवात कुठून करू, तेच समजत नाई बाप्पा.

पहिले माह्या जाऊबाईचं ऐका. मी लग्न होऊन दारव्ह्याले आली तवा मले धड भाकर थापता येत नव्हती. तिनं कधी टोमणा मारला नाई. मी शाळेत मास्तरीण. सकाळी घाईघाईनं निघाली की हातात गरम डबा ठेवलेलाच. माह्या दोन्ही लेकराईले तिनं भरवलं. मी टायफाइडनं पडली, तवा माहे केससुद्धा तिनं विंचरले — सख्खी बहीण तरी इतकं करते का? तिचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाई.

मंग त्याच बाईशी मी असं काहून वागली?

कापसाचे वाईट सालं होते ते. बोंडअळीनं वावरं खाल्ले, गावात कोणी घराच्या कामाले हात लावत नव्हतं. आमचं मात्र माह्या पगारावर सैपाकघर निघालं — नवा ओटा, खाली सागवानी कपाटं, वर भितीले फळ्या. मिस्तरी माप घ्याले आला, तवा जाऊबाई कापूस वेचाले वावरात गेलती. त्यानं विचारलं, "घरात सैपाक कोण करते?" कारण जिच्या हातात सैपाक, तिच्या कोपरावरून तो ओट्याची उंची धरे, अन् तिचा हात पोचन तिथं वरची फळी ठोके.

साधा सवाल. अन् माह्या तोंडून निघालं — "मीच."

जावेच्या हातचं आयतं खातो, हे सांगाची लाज वाटली? की घरातली एक तरी जागा माही असावी, ही हाव? दोन्ही असन. त्यानं मले भितीपाशी उभं केलं, पोळी लाटाचं सोंग कराले लावलं, पेन्सिलीनं खूण केली. मी चांगली उंच. जाऊबाई माह्या खांद्याले लागते. मले हे समजत नव्हतं? चांगलं समजत होतं.

कपाटं बसले अन् जाऊबाई ओट्यापाशी उभी राह्यली, त कढईत काय शिजते तेच तिले दिसेना. वरच्या डब्याले बोटं पोचेना. भडकलीच ती. "काय हो मिस्तरी, डोळे मिटून माप घेतलं का?" तोही काई कमी तिखट नव्हता. "माहं माप बरोबर हाये, ताई! या मॅडमलेच विचारा, कोणाचं घेतलं त!"

दोघंही माह्याकडे पाहून राह्यले.

अन् मी म्हटलं — "मले काय माहीत? मी त शाळेत होती."

हे. हेच सांगाचं होतं. पहिलं खोटं फुशारकीचं होतं, पण हे — ज्या माणसानं मलेच उभं करून माप घेतलं, त्याच्या तोंडावर! त्यानं अवजारं पिशवीत भरले अन् निघून गेला. शेजारच्या काकूनं त्याले कपाटाचं काम सांगतलं होतं, ते तिनं हे ऐकून दुसऱ्याले देल्लं. त्या दिवसाईत दुसरं काम होतंच कुठं?

जाऊबाई पायाखाली पाट घेऊन सैपाक करत राह्यली. किती वर्षं! तरी येणाऱ्याजाणाऱ्याले हात धरून आत नेई — "पाहा वं, माह्या शालूनं करून देल्लं. असं सैपाकघर आर्णीतही सापडाचं नाई." खांदा दुखला की तेलाची वाटी घेऊन माह्यापाशीच येऊन बसे. मी चोळून देई, अन् ती मलेच आशीर्वाद देई. अशी बाई जाऊ म्हणून भेटाले नशीब लागते. मले ते भेटलं.

काल गल्लीतली नवी सून आली होती. तिले सैपाकघराचं काम काढाचं हाये. जाऊबाईनं त्याच मिस्तरीचं नाव घेतलं. "त्याले नोको बोलावू, बाई. लबाड माणूस. माप चुकवलं, वरून आमच्या शालूवर आळ घेत होता. खोटं वाटते त विचार तिले."

पोरीनं माह्याकडे पाह्यलं.

मी "हो" म्हटलं.