भरल्या गाडीची चाकं

इस्लामपूरजवळ आमची आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी आहे. कलमं पोचवायची पिकअप मीच चालवते. शेतात ती दोनदा रुतली, म्हणून फौजेतून निवृत्त झालेल्या नवऱ्यानं मोठे टायर आणि रुंद रिमा घालायचं ठरवलं. मलकापूरच्या फिटरचाचांनी ते बसवले, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून दाखवलं. कुठंच घासलं नाही. नवऱ्यानं हळद-कुंकू लावलं, चाकांखाली चार लिंबं चिरडली आणि गाडी घरी आणली.

माझं मन मात्र ठिकाणावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोयनानगरकडच्या घाटात कलमं द्यायची होती. गाडी तपासली रिकामी आणि घाट चढायचा भरून! कामावरच्या बाया सुटायच्या बेतात होत्या. म्हटलं, "चला, मागं बसा सगळ्याजणी."

"कुठं वैनी, जत्रंला?"

"वजन म्हणून बसायचंय."

"मग हिला एकटीलाच घ्या की! बाकीच्या घरी जातो," एकीनं शेजारच्या जाडजूड बाईकडं बोट दाखवलं.

नऊजणी हसत चढल्या. मी स्टेअरिंग पूर्ण वळवून फाटकाच्या उंचवट्यावरून गाडी काढली. खर्रकन आवाज आला. चाक मडगार्डच्या आतल्या बाजूला घासत होतं.

नवरा म्हणाला, "झिजंल की आपोआप."

"टायर झिजंल का मडगार्ड, ते घाटात बघायचं व्हय?"

बाया घरी गेल्या. मी वजनाला मातीची पोती चढवली, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि तडक मलकापूर गाठलं. चाचा गाडीखाली शिरले, आतलं प्लास्टिक कापलं. तरी घासलंच. मग त्यांनी चाक किती वळायचं ते ठरवणारा बोल्ट फिरवला. आवाज बंद. पण जिथं गाडी एका दमात वळायची, तिथं आता मागं घ्यावी लागली.

"चाचा, अरुंद वळणावर भरली गाडी मागं घ्यायची?"

त्यांनी दाढी खाजवली. "मग ताई, जुन्या रिमा घाला आन् टायर एकच माप मोठा. ह्यो हट्ट सोडा."

"माझा न्हवंच तो."

नवरा नव्या चाकांकडं बघत राहिला. "दिसायला झ्याक हायत गं."

"घाटात बघणार कोण?"

पाना घेऊन त्यानंच नट सोडवले. चाचांनी जुन्या रिमांवर एक माप मोठे टायर चढवले आणि बोल्ट पूर्ववत केला. पोत्यांसकट गाडी दोन्हीकडं वळवली, रस्त्यातल्या उंचवट्यावरूनही काढली. आवाज नाही.

सकाळी कलमं भरून निघालो. खिडकी उघडी, रेडिओ बंद, कान चाकांकडं. सगळ्यांत अरुंद वळण एका दमात घेतलं. तरी वर पोचल्यावर गाडी थांबवली आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. नुसता चिखल. एकही ओरखडा नव्हता.

"झालं समाधान?" नवऱ्यानं विचारलं.

"उतरताना परत बघू," म्हणत मी गाडीत बसले.