ताटीवाल्या बाई

कोणी मुलगी रडत गेली की ताटीवाल्या बाई आधी तिच्या हातात तांब्या द्यायच्या. "ताटी वाळली वं, पाणी मार," एवढंच. काय झालं, कोण बोललं, काही विचारणं नाही. या बाईच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, असं मला पहिल्यापासूनच वाटायचं.

महाल वस्तीतली आमची मुलींची शाळा, सत्तरच्या दशकातली. बाई मुंबईहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. मुलींच्या अडचणी ऐकणं हे आता त्यांचं काम, असं मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. झालं. अडचणी ऐकायचा पगार कोण देतं? ही मोठ्या बाईंची हेर आहे, हे आम्ही मधल्या सुट्टीतच ठरवून टाकलं.

व्हरांड्याच्या टोकाला त्यांची खोली, खिडकीला उन्हाळ्यात गारव्यासाठी खसाची ताटी. मुलीने ताटीकडे तोंड करून पाणी मारायचं, बाई मागे बसून सुपारी कातरणार. तोंडावर शिंतोडे उडायचे, त्यात डोळ्यांतलं पाणी कोणतं ते कळायचं नाही. पावसाळ्यात ताटी नसली की माठ घासायला लावायच्या.

मॅट्रिकच्या वर्षी माझा नंबर लागला. वर्गात एकीची वेणी ओढली म्हणून मला तिकडे धाडलं. पाणी मारता मारता तोंडातून निघूनच गेलं, की आई मामाकडे नाही, डोक्याच्या दवाखान्यात आहे. घरी हे बोलायची बंदी होती, कारण ताईचं लग्न जुळत होतं. बाईंनी विचारलं, "आईचा राग येऊन राहिला का तुले?" मी मान हलवली. "येऊ दे. रागानं माया आटत नाही. आला की पाणी मारून जात जा, पोरींच्या वेण्या काहून ओढतं?" इतकं हलकं वाटलं, की दारातून बाहेर पडताच धास्ती बसली. आता ही कुठे बोलली तर?

आणि थोड्याच दिवसांत मुलाकडची आत्या शाळेत हजर. ताई आमच्याच शाळेत शिकलेली, आणि स्थळाची चौकशी शाळेत करून यायची आमच्याकडे रीतच होती. आत्या थेट बाईंच्या खोलीत गेली. मी मागच्या अंगणातून ताटीला कान लावला. शब्द एक ऐकू आला नाही, कानात पाणी तेवढं गेलं. बऱ्याच वेळाने आत्या निघाली, तर पदर ओला आणि डोळे लाल. संपलं, म्हटलं. ताईचं वाटोळं केलं या बाईने. त्या समोरून आल्या की मी रस्ता बदलायची.

पण होकार आला. मग तर माझा संशय आणखीच वाढला. काय थाप मारली असेल हिने?

पुढे आईचं ताईच्या सासरी कळलं, कोणी चकार शब्द काढला नाही. एकदा ती आत्याच ताईला म्हणाली, "तुमच्या घरचं विचाराले गेली होती वं मी. त्या बाईनं हातात तांब्या देला, अन् मी आमच्याच घरचं सांगून बसली."

बाई निवृत्त व्हायच्या त्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. न राहवून विचारलं, "बाई, आत्यांनी काय सांगितलं होतं हो?"

अडकित्ता थांबला. बाईंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं आणि तांब्या पुढे केला. "ताटी वाळली वं."

मी मुकाट्याने पाणी मारू लागले. माझ्या आईबद्दलही कोणी ना कोणी असंच विचारलं असेल, आणि त्याच्याही हाती तांब्याच आला असेल. मला रडू आलं. बाईंकडे पाठ होती, ते बरं झालं.