ऐंशी सालचे हेलपाटे

संगणकाच्या खोलीत बसलं की जयमालाला आपण विहिरीच्या तळाशी बसलोय असं वाटायचं. चपला बाहेर काढायच्या, गार फरशीवर पाय टेकवायचे आणि सर्व्हरची घरघर ऐकत राहायचं. राहात्याजवळच्या त्या साखर कारखान्यात एवढी शांत जागा दुसरी नव्हती. पारनेरच्या कोरडवाहू भागातल्या बौद्ध घरातली ही मुलगी. उसाशी तिचा संबंध आला तोच मुळी नोकरी लागल्यावर.

सभासद खिडकीवर येऊन विचारत, "माझ्या उसाची तोड कधी?" जयमाला गट नंबर टाकून सर्व्हरला विचारी. असा प्रत्येक प्रश्न तारीख-वेळेसकट त्या दिवसाच्या फायलीत आपोआप उतरायचा. त्या नोंदीला लॉग म्हणत. काम नसलं की ती लॉग वाचत बसे. नुसते आकडे, पण तिला त्यात माणसं दिसायची. गट एकशे सतरा म्हणजे राहीबाई. हे वेड कुणाला सांगायची सोय नव्हती.

शहाण्णव साली दिवाळीनंतर तोडीची यादी लागली, तर राहीबाईंचं नाव सगळ्यांत शेवटी. गणपतीनंतर एकदा तरी खिडकीवर चौकशी केली नाही, की पाळी मागे जायची, असा नियम होता. बाकीच्यांची चौकशी दसऱ्याआधीच झाली होती, राहीबाई तेवढ्या दसऱ्यानंतर येऊ लागल्या होत्या.

"पोरी, किती हेलपाटे घातले ते तुला म्हाईत हाय," राहीबाई म्हणाल्या. "उसाला तुरे फुटलेत. आनखी तीन महिने उभा ऱ्हायला तर पोकळ हुईल."

जयमाला शेतकी अधिकारी नवले साहेबांकडे गेली. "साहेब, मी स्वतः पाहिलंय त्यांना."

"लॉगमध्ये दाखवा. तोंडी शब्दावर पाळ्या बदलल्या तर उद्या सगळं गाव माझ्या दारात."

हंगामाच्या धांदलीत दसऱ्यापासून तिला लॉग वाचायला सवड झाली नव्हती. आता तिने तो उघडला. यादीच्या तळाला शेवटची फाईल खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची. पुढे काहीच नाही. जयमालाला रडूच आलं.

मग तिने एक प्रश्न टाकून डिस्कवरची मोकळी जागा पाहिली. किंचित कमी झाली होती. म्हणजे सर्व्हर कुठेतरी लिहीत होता! खंडेनवमीला कारखान्यातली सगळी यंत्रं थांबवून पुजली, तेव्हा सर्व्हरलाही झेंडू वाहून बंद केलं होतं. ती धम्मचक्र दिनासाठी नागपूरला गेलेली. चोवीस ऑक्टोबरला परतल्यावर तिनेच तो सुरू केला होता. तिने त्याला तारीख विचारली. साल आलं, १९८०. आतली बॅटरी संपली होती आणि घड्याळ बिचारं आपल्या मूळ तारखेपासून, एक जानेवारी ऐंशीपासून, पुन्हा चालायला लागलं होतं. पावत्यांवर तारीख हाताने घालत, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती यादीच्या अगदी वर गेली. चार जानेवारी ऐंशी, गट एकशे सतरा. नऊ जानेवारी, गट एकशे सतरा. असे अकरा वेळा.

ऐंशी साली जयमाला सात वर्षांची होती. वडील होते. जानेवारीत अंगणात शेकोटी पेटवून ते तिच्याकडून पाढे म्हणवून घेत. राहीबाई त्याच अंगणावरून खिडकीकडे गेल्या असतील, वडिलांनी त्यांना पाणी दिलं असेल, असं तिला उगीच वाटत राहिलं. घड्याळ पुढे आणायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

"ऐंशी साली चौकशी केली म्हणून आता पाळी देऊ?" साहेब हसले.

आपण परतून सर्व्हर सुरू केला तो दिवस दाखवायला तिने हजेरीपट पुढे ठेवला. चोवीस ऑक्टोबर म्हणजे एक जानेवारी, तिथून मोजा. साहेबांनी स्वतः कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले, दोनदा मोजले आणि कुरकुरत सही केली. पाळी पुढच्याच आठवड्यातली.

खिडकीवर तिने हे राहीबाईंना सांगितलं.

"सगळे मला म्हनत हुते, तू खिडकीवर आलीच न्हाईस," त्या म्हणाल्या. "मलाबी तसंच वाटाया लागलं हुतं गं."